नाव समाजाचे, किंमत बाईची

(धाराशिव येथे महिला कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



२०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. वाद उच्च न्यायालयात गेला आणि २०२४ साली नामांतर कायम राहिले. एका बाजूला जल्लोष, दुसऱ्या बाजूला निषेध. या साऱ्या गदारोळात बाईचा एक तरी प्रश्न कुणाच्या तोंडी होता का?

धर्माच्या नावाने माणसे गोळा करणे म्हणजे काय, हे या मातीने सोसलेले आहे. निजामाच्या राज्यात १९२७ साली मजलिसे इत्तेहादुल मुसलमीन स्थापन झाली. पुढे तिची सूत्रे कासिम रझवी या लातूरच्या वकिलाकडे गेली. लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होते. रझाकारांनी गावोगाव जुलूम केले. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, आणि मग सूड उगवला गेला तो बहुतेक गोरगरीब मुसलमानांवर. सर्वांत जास्त झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत सुंदरलाल समितीने उस्मानाबादचे नाव घेतले. या चार जिल्ह्यांत किमान १८ हजार माणसे मारली गेली असा तिचा अंदाज होता. बायांवरच्या अत्याचारांचीही तिने नोंद केली. पुढे तो अहवाल कित्येक दशके दडपून ठेवला गेला.

भ्यालेला समाज दारे लावून घेतो, आणि दाराच्या आत पहिल्यांदा कोंडली जाते ती बाई. तिचा पेहराव, तिचे लग्न, तिचा तलाक हीच मग समाजाची ओळख ठरते. इंदूरच्या शहाबानोला सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली पोटगी मान्य केली. रक्कम होती महिना १७९ रुपये २० पैसे! तेवढ्यासाठी ‘इस्लाम खतरे में’ म्हणत मोर्चे निघाले. दबावाखाली त्या म्हातारीने स्वतःच निकाल नाकारला. १९८६ साली सरकारने मौलवींना खूष करणारा कायदा केला. त्याच वर्षी अयोध्येतले कुलूपही उघडले गेले. दोन्हीकडचे धर्मांध खूष झाले. शहाबानोच्या पदरात काय पडले?

पण समाज म्हणजे केवळ मौलवी नव्हेत. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभे राहिले. १९८५ साली मंडळाचा तलाक मुक्ती मोर्चा कोल्हापूरहून नागपूरकडे निघाला. शेजारच्या लातूरच्या एका बाईच्या खटल्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २००२ साली सांगितले की, नवऱ्याने कोर्टात ‘तलाक दिला’ असे लिहून दिले म्हणजे तलाक होत नाही. कारण, समेटाचा प्रयत्न, सारे सिद्ध करावे लागते. हा निकाल एका सामान्य बाईच्या चिकाटीने मिळाला.

२०१७ साली एका दमात तीनदा दिलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. आपण आनंदलो. २०१९ च्या कायद्याने मात्र नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठरवली. नवरा तुरुंगात गेला तर मुलांच्या तोंडात घास कोण घालणार? हिंदू नवऱ्याने बायको टाकली तर एवढ्यावरून त्याला कैद नाही. मग हा कायदा बाईसाठी की समाजाला धाक घालण्यासाठी, असे मुस्लिम बहिणींनी विचारले तर त्यांना मौलवींच्या बाजूच्या ठरवू नका.

जगातही हेच दिसते. १९७९ च्या ८ मार्चला तेहरानच्या बाया सक्तीच्या हिजाबाविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. २०२२ साली कर्नाटकात हिजाब घालणाऱ्या मुलींनाच वर्गाबाहेर ठेवले गेले. एकीकडे डोके झाकण्याची सक्ती, दुसरीकडे उघडे ठेवण्याची. दोन्हीकडे निर्णय मुलीचा नाहीच. आपण दोन्ही सक्तींच्या विरोधात आहोत, हे स्पष्ट बोलले पाहिजे.

तेव्हा गावी परत गेल्यावर कामाला लागू या. निकाहनाम्याची प्रत बाईच्या पेटीत असू द्या. मेहर किती, दिला की नाही, याची नोंद ठेवा. लग्नाची नोंदणी करा. तलाकशुदा मुस्लिम बाईलाही फौजदारी कायद्याखाली पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा सांगितले आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. पहिल्या तारखेला तिच्याबरोबर दोघीजणी जा, आणि त्यांतली एक तरी दुसऱ्या धर्माची असू द्या. कोर्टाच्या बाकावर एकत्र बसलेल्या बाया कुठल्याही मिरवणुकीला सहजी फोडता येत नाहीत.