घोंगड्याचा काठ

कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत धनगरांच्या खांद्यावरची घोंगडी आपण पाहतोच. विणकर सणगर समाजाच्या घरांत ती विणतो बहुधा पुरुष, आणि नावही त्याचंच होतं. पण दख्खनी मेंढीची काळी, पांढरी, करडी लोकर निवडून, पिंजून चरख्यावर सूत काढते ती घरची बाई. पारंपरिक घोंगड्याला वरून रंग देत नाहीत; काठाचा पट्टा उमटतो तो या निवडीतूनच. तिला नुसती मदतनीस म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ती रचनाकारच आहे. ताण्याला लावायची चिंचोक्याची खळसुद्धा अनेक घरांत तीच शिजवते. या खळीनं सूत ताठ होतं, मागावर तुटत नाही. घोंगडं घ्याल तेव्हा सूत कुणी काढलं, हे जरूर विचारा.