लेकरू खेळायला पाठवताना

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत. सत्तावीस वर्षं क्रीडाशिक्षिका म्हणून काढली, तेव्हा शिट्टी वाजवायची सवय माझी. आज कोणी माझ्यावर वाजवली तर चालेल, पण मनातलं बोलून झाल्यावर वाजवा.

सकाळी फाट्यावर उतरले. सेलूची गाडी कुठं लागते, जिंतूरची कुठं आणि मंठ्याची कुठं, हे आजही पायांना ठाऊक आहे. आपण शाळेत होतो तेव्हा जग म्हणजे हे तीन रस्ते. त्यातल्या एका रस्त्यानं मी १९९१ साली पहिल्यांदा खेळायला बाहेर पडले. आज त्याच प्रवासाबद्दल बोलणार आहे.

तुम्हाला आठवत असेल, आपल्या वर्गातल्या निम्म्या जणांचा वाढदिवस १ जून. आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून लिहायचे आणि लेकरू पहिलीत बसायचं. माझंही तसंच. आपला मुलींचा खो-खोचा संघ तालुक्याला जिंकला, जिल्ह्याला गेला आणि तिथं माझी तारीख आडवी आली. शाळेच्या दाखल्यावर एक, ग्रामपंचायतीच्या नोंदीत दुसरी. नाव कमी करा नाहीतर संघ परत न्या, असं सांगण्यात आलं. मी रडत बसले. सर काही बोलले नाहीत. रात्रीच्या एस.टी.नं परत निघाले, मुख्याध्यापकांना उठवलं, ग्रामसेवकाला गाठलं आणि पहाटेच्या गाडीनं सही-शिक्क्याचा कागद घेऊन मैदानावर हजर झाले. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. म्हणाले, ‘‘पळ आता. कागदाचं मी बघतो.’’

सामना आपण हरलो. तोही माझ्यामुळेच. खांबावर सूर मारायला गेले आणि तोंडावर आपटले. वैशाली, हसू नकोस, तू पण त्या दिवशी दुसऱ्याच डावात बाद झाली होतीस.

त्या दौऱ्याचे पैसे कुठून आले, हे मला फार उशिरा कळलं. कोणी पायलीभर ज्वारी दिली, कोणी पाच रुपये दिले, फाट्यावरच्या हॉटेलवाल्या काकांनी दोन दिवसांचा चहा-फराळ दिला. सगळं शाळेच्या वहीत लिहिलेलं होतं. कोणी काय दिलं, हे आम्हा पोरींना कोणीच सांगितलं नाही. म्हणून आम्हाला कोणापुढं वाकावं लागलं नाही.

आणि सोबत सरांच्या घरच्या काकू आल्या होत्या. दोन दिवसांच्या भाकरी, ठेचा आणि एक सतरंजी घेऊन. एका शाळेच्या वर्गात आमची झोपायची सोय होती. त्या वर्गाच्या दाराची कडी तुटलेली होती. काकूंनी सतरंजी दाराला आडवी टाकली आणि तिथंच झोपल्या. आम्ही हसलो. काकू म्हणाल्या, ‘‘हसा गं. पण मला वलांडल्याबिगर आत कुणी येत नसतंय.’’

कागद मुख्याध्यापकांनी पाहिला, पैसा गावानं पाहिला, दार काकूंनी पाहिलं. आम्ही फक्त खेळलो. मुद्दाम सांगते, कारण पुढं मी स्वतः शिक्षिका झाले आणि हे साधं गणित विसरले.

त्याआधी थोडं बाहेरचं बोलते. खाशाबा जाधवांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण बोटीचं-विमानाचं भाडं कुठून आणायचं हा प्रश्न होता. लोकांनी वर्गणी काढली आणि प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं करून ते पैसे फेडले. गोष्ट मोठी आहे, मी वर्गात दरवर्षी सांगते. पण सांगताना आता एक वाक्य जोडते. खर्डेकर सर भले माणूस होते, म्हणून ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. पैसे देणारा तसा नसता, तर?

आज परिस्थिती पुष्कळ सुधारली, हे मान्य. राज्याची क्रीडा प्रबोधिनी आहे. तिथं घडलेल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्यपदक आणलं. ‘खेलो इंडिया’त निवड झालेल्या खेळाडूवर वर्षाला ६ लाख २८ हजार रुपये खर्चाची तरतूद आहे, त्यातले महिन्याला १० हजार त्याच्या हातखर्चाला. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि आपले दोन्ही संघ जिंकले. मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. त्या रात्री मी टीव्हीसमोर एकटीच उभी राहून टाळ्या वाजवत होते.

पण ही मदत मिळते निवड झाल्यावर. तालुका ते राज्य हा मधला टप्पा लेकराला स्वतःच्या बळावर पार करायचा असतो. एस.टी.चं तिकीट, बूट, दोन वेळचं जेवण, कागदपत्रांच्या झेरॉक्स. आपल्याकडची गुणी पोरं इथंच गळतात. आणि धोकाही इथंच असतो.

असं फक्त आपल्याकडंच होतं, असं नाही. माझ्या वर्गातल्या पोरांनी मोबाईलवर हिवाळी ऑलिंपिक पाहिलं आणि विचारलं, ‘‘बाई, बर्फावर पण स्पर्धा असते?’’ आपल्या भागात बर्फ म्हणजे रसवंतीवरचा. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसमध्ये आशियाई सुवर्णपदकापर्यंत गेला, पण त्यानं बर्फ पाहिला तो सैनिक म्हणून, सियाचिनला. तरी त्या बर्फातल्या दोन गोष्टी मी पोरांना सांगितल्या.

पहिली आपल्याच शिवा केशवनची. बर्फाच्या घसरगुंडीवरून छोट्या गाडीवर उताणं झोपून सुसाट खाली यायचं, त्याला ल्यूज म्हणतात. हा मनालीकडचा मुलगा १९९८ साली सोळाव्या वर्षी नागानोच्या ऑलिंपिकला उतरला आणि पुढं सहा हिवाळी ऑलिंपिक खेळला. २०१४ साली रशियात सोचीला मात्र उद्घाटनाच्या दिवशी त्याच्या हातात तिरंगा नव्हता. आपली ऑलिंपिक संघटना तेव्हा निलंबित होती, म्हणून आपले खेळाडू ऑलिंपिकच्या झेंड्याखाली चालले. निलंबन उठलं ते स्पर्धा सुरू झाल्यावर. चूक कार्यालयातल्या मोठ्या माणसांची आणि मान खाली गेली खेळाडूंची. माझ्या १ जूनची हीच गोष्ट, फक्त मोठ्या मैदानावरची.

दुसरी २०२२ ची, बीजिंगची. रशियाची कमिला व्हॅलिएव्हा, वय १५, जगातली सर्वांत चांगली स्केटर. आधी घेतलेल्या तिच्या एका नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडलं. साऱ्या जगाचे कॅमेरे त्या पोरीवर. शेवटच्या फेरीत ती पुन्हा पुन्हा पडली. रडत बाहेर आली तेव्हा प्रशिक्षिकेनं जवळ घेण्याआधी जाब विचारला, लढणं का सोडलंस म्हणून. जगानं ते थेट पाहिलं. पुढं तिच्यावर बंदी आली. त्याच वर्षी जागतिक स्केटिंग संघटनेनं मोठ्यांच्या स्पर्धेसाठीचं किमान वय टप्प्याटप्प्यानं १५ वरून १७ करायचं ठरवलं. पंधरा वर्षांच्या लेकराच्या पोटात औषध कसं गेलं, याचा जाब आधी भोवतीच्या मोठ्यांना विचारायला हवा, एवढं तरी आपल्याला कळावं.

आता माझं सांगते. हे मी आजवर कुठल्याच व्यासपीठावर बोलले नाही. इथं बोलते, कारण इथं मी बाई नाही, तुमच्या वर्गातली आहे.

२००९ च्या आसपासची गोष्ट. माझ्याकडं एक मुलगी होती. गाव, शाळा, नाव सांगणार नाही. आठशे मीटर पळायची. बाप ऊसतोडीला जायचा, मुलगी आजीपाशी राहायची. पायात साधे बूट घालूनही ती जिल्ह्यात पहिली आली. पुढच्या स्पर्धेला पाठवायला शाळेकडं पैसे नव्हते, माझ्याकडंही फार नव्हते. तेव्हा एक गृहस्थ पुढं आले. खेळाची आवड असलेले, चार लोकांत मान असलेले. स्पाइक्स त्यांनी घेतले. अर्ज त्यांनीच भरला, तिथं त्यांची ओळख होती. गाडी त्यांची. ‘‘बाई, तुम्ही कशाला रजा टाकता, मी आहे ना,’’ म्हणाले. मला बरं वाटलं. खरं सांगते, हायसं वाटलं.

ती स्पर्धेहून परत आली, चौथी आली होती. दुसऱ्या दिवशी स्पाइक्स माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, ‘‘बाई, हे त्यांचे त्यांना द्या.’’ त्यानंतर ती मैदानावर आली नाही. मी विचारलं नाही. नंबर हुकला म्हणून हिरमुसली असेल, अशी मीच माझी समजूत घातली.

तीन वर्षांनी ती भेटली, तेव्हा बोलली. अर्धवट, खाली मान घालून. सगळं इथं सांगायचं नाही. एकच वाक्य सांगते. तो तिला सारखा म्हणायचा, ‘‘मी नसतो तर तू इथं नसतीस.’’ आणि ते खरं होतं, हेच तर दुखणं होतं. अर्ज त्याच्या हातात, पैसा त्याच्या हातात, परतीची गाडी त्याच्या हातात. तेरा-चौदा वर्षांची पोर ‘नाही’ म्हणणार कोणाच्या जोरावर?

आणि या तिन्ही किल्ल्या त्याच्या हातात मी दिल्या होत्या.

तेव्हा पोक्सो कायदा नव्हता, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. कायदा १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला. पण मला डोळे होते की. आज तर कायदा स्पष्ट आहे. अठराच्या आतल्या लेकराबाबत असं काही घडल्याचं कळलं, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गप्प बसणं हाच गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखानं दडवलं तर वर्षभरापर्यंत शिक्षा होऊ शकते. मुलाचं नाव बाहेर येऊ द्यायचं नसतं. १०९८ हा मदतीचा नंबर आहे, तो पोरांना पाढ्यासारखा पाठ हवा. २०२३ साली देशातल्या नावाजलेल्या महिला कुस्तीपटू दिल्लीत जंतरमंतरवर न्याय मागत बसल्या, ते आपण पाहिलं. पदक जिंकलेल्या बायकांना बोलायला रस्त्यावर यावं लागतं, तर ऊसतोड कामगाराची लेक कुठं बोलणार? २०२५ च्या नव्या क्रीडा प्रशासन कायद्यात महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षेचं धोरण आलं आहे. चांगलंच आहे. पण दिल्लीचं धोरण देवगाव फाट्याला आपोआप पोचत नाही. ते आपणच आणावं लागतं.

म्हणून माझी विनंती. आपल्या बॅचनं शाळेला कमान बांधून द्यायचं ठरवलं आहे. बांधूया. पण त्या वर्गणीतला काही भाग ‘बाहेरगावी खेळायला जाणाऱ्या लेकरांसाठी’ म्हणून वेगळा ठेवूया. रक्कम किती, ते तुम्ही ठरवा. माझी पहिली वर्गणी मी आज देते आहे. अट एकच, तिन्ही किल्ल्या तीन हातांत राहतील.

कागद शाळेच्या हातात. जून महिन्यातच प्रत्येक खेळाडूची एक फाईल करायची, जन्मनोंद, दाखला, आधार, फोटो. तारखेत फरक असेल तर तेव्हाच दुरुस्त करायचा. वय चोरायचं नाही आणि कोणाला चोरू द्यायचं नाही. मोठ्या स्पर्धांत आता मनगटाचा एक्स-रे काढतात, तिथं लेकराची शोभा होते.

पैसा समितीच्या हातात. शाळेच्या खात्यातून, पावतीनं. देणाऱ्यानं मुलाला भेटायची गरज नाही, हातात बूट देतानाचा फोटो काढायची तर मुळीच नाही. लेकराला वाटलं पाहिजे की शाळेनं पाठवलं.

आणि सोबत दोन मोठी माणसं, मुली असतील तर त्यातली एक बाई. कोणतंही लेकरू एकट्या मोठ्या माणसाबरोबर गाडीत नाही, खोलीत नाही. मुक्काम कुठं आहे ते आईबापांना आधी कळलं पाहिजे. शाळेत सखी सावित्री समिती असते, तिचं काम फाटकापाशी थांबू नये. लेकरू परत आलं की आठवड्याच्या आत कोणीतरी त्याच्याशी निवांत बोलावं. ‘कितवा नंबर आला’ हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘कसं होतं गं तिथं?’

हा प्रश्न मी एकदा विचारला नाही. त्याची किंमत मी नाही, दुसऱ्याच्या लेकीनं मोजली. ती आता संसारात आहे, बरी आहे. तिच्या मुलीला पळायला आवडतं, असं तिनं मागच्या वर्षी फोनवर सांगितलं. म्हणाली, ‘‘बाई, पाठवू का?’’ मी म्हटलं, ‘‘पाठव. पण सोबत कोण आहे, ते आधी विचार.’’

सर, तुम्ही समोर बसला आहात. त्या पहाटेचा कागद मी अजून जपून ठेवला आहे. काकू आज नाहीत. पण आपल्या शाळेतून यापुढं जो संघ बाहेर पडेल, त्याच्या दाराला सतरंजी आडवी टाकणारं कोणीतरी असू द्या. एवढंच मागते.