अर्धा गुण
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरील गुरुजन, आयोजन समितीतले माझे वर्गमित्र आणि समोर बसलेल्या सगळ्या पोट्टे-पोट्ट्यांनो,

पंचेचाळिशी आली तरी या मांडवात आपण पोट्टेच, म्हणून तसं म्हटलं. राग नसावा.

समितीने मला विषय दिला होता, 'सावंगी ते सॉफ्टवेअर : एक प्रवास'. खरं सांगायचं तर त्या प्रवासात सांगण्यासारखं फारसं नाही. सावंगीहून वर्धा, वर्ध्याहून नागपूर, तिथून पुणे, सगळा एस्टीने आणि रेल्वेने झाला. त्यापेक्षा मी तुमच्याशी शब्दकोड्यांबद्दल बोलणार आहे, कारण माझा एक हिशेब या शाळेत बाकी आहे.

तुम्हाला आठवत असेल, शनिवारी सकाळची शाळा असायची आणि शेवटचा तास मराठीच्या सरांचा. सर धडा शिकवत नसत. फळ्यावर एक कोडं लिहीत. उत्तर येईल त्याने हात वर करायचा, मग सर एकच शब्द बोलायचे, "काहून?" पुण्यात 'का' म्हणतात, पण त्या 'का'ला आपल्या 'काहून'चा धाक नाही. उत्तर बरोबर असेल तर अर्धा गुण, आणि ते काहून बरोबर हे फळ्याशी येऊन सांगितलं तर उरलेला अर्धा.

एका शनिवारी फळ्यावर होतं : "मरा म्हणत उलटा फिरला, तरी देव भेटला (२)". माझ्या शेजारणीने कानात उत्तर सांगितलं आणि मी ऐटीत उभी राहिले. "राम, सर."

"काहून?"

"राम देव आहे, सर."

"देव तेहतीस कोटी आहेत. रामच काहून?"

मी गप्प. वर्ग हसला. "बस. अर्धा गुण." ती शेजारीण आज तिसऱ्या रांगेत आहे, नाव सांगत नाही, जी सगळ्यांत जास्त हसते आहे ती.

मला तेव्हा फार राग आला होता. उत्तर बरोबर असताना गुण कापायचे म्हणजे काय!

पुढे नागपूरला इंजिनिअरिंगला गेले. होस्टेलच्या मेसमध्ये एक सीनियर मुलगी इंग्रजी पेपरातलं क्रिप्टिक क्रॉसवर्ड सोडवायची. चहा संपेपर्यंत कोडं भरलेलं. मी विचारायची, "दीदी, हे कसं आलं?" ती म्हणायची, "अगं, दिसतंच ना." मला दिसायचं नाही. आपल्याला इंग्रजी पाचवीपासून, तिला बालवाडीपासून. माझी खात्री पटली की हे आपलं काम नाही, मराठी शाळेतल्या मुलीला हे यायचंच नाही. पुढे कित्येक वर्षं मी त्या पानाकडे पाहिलंही नाही.

पहिल्या नोकरीत कंपनीच्या बसमध्ये एक वयस्कर सहकारी शेजारी बसायचे. त्यांनी एक दिवस एकच क्लू घेतला आणि पेन्सिलने त्याचे दोन तुकडे करून दाखवले. म्हणाले, "हे वाक्य म्हणून वाचू नका. वाक्य फसवं असतं. एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ असतो, उरलेल्या भागात तोच शब्द बनवण्याची कृती. दोन्हींकडून एकच उत्तर आलं पाहिजे." मी घाटाकडे बघत बसले. इंग्रजीचा यात संबंधच नव्हता. मला रीत कोणी सांगितली नव्हती. नाही, चुकले. सांगितली होती, शनिवारच्या शेवटच्या तासाला.

आता ही रीत मराठीत दाखवते. हे क्लू मीच जुळवलेत, तेव्हा चुका माझ्या.

"रसिका मनापासून बोलली, त्यात दडली होती इच्छा (३)". कंसातला आकडा म्हणजे उत्तरात किती अक्षरं. वाचल्यावर तुम्ही रसिकाचा विचार करायला लागता, लग्नबिग्न ठरतंय की काय. तिला विसरा. सरळ अर्थ शेवटी आहे : इच्छा. 'त्यात दडली होती' ही कृती. कशात दडली? 'रसिका मनापासून' या अक्षरांत. र, सि, मग का, म, ना. कामना! इच्छा म्हणजे कामना, आणि ती त्या शब्दांत खरंच बसलेली आहे. आता हे उत्तर तुम्हाला कोणी खोडून दाखवावं.

"सरकारने मागितलेला हात (२)". इथे लपवाछपवी नाही, एका शब्दाचे दोन अर्थ शेजारी ठेवलेत. सरकार मागतं तो कर, आणि हात म्हणजेही कर. "आधी साप, मग नदीचं थैमान, तरी संत्र्यांचं शहर (४)" हे तर इथल्या लहान मुलालाही येईल : नाग, पूर, नागपूर. "कमल गोंधळली की लेखणी (३)". 'गोंधळली' म्हणजे अक्षरांची अदलाबदल, क-म-ल चं क-ल-म. ही शेवटची युक्ती इंग्रजीत भरपूर चालते, मराठीत अवघड जाते. त्यांची अक्षरं सुटी असतात, आपल्याकडे काना-मात्रा अक्षराला चिकटून येते.

संगणकाला मात्र ती चिकटलेली दिसत नाही, त्याची एक गंमत सांगते. युनिकोडमध्ये 'राम' दोन अक्षरांचा नाही, तीन चिन्हांचा आहे : र, काना, म. नवशिक्या प्रोग्रॅमरला सांगितलं की हा शब्द उलटा कर, तर त्याचा प्रोग्रॅम म, काना, र असं लावतो. म्हणजे 'मार'! वाल्याला 'राम' उलटा करून 'मरा' मिळाला, संगणकाला 'मार' मिळतो. 'नदी' उलटली तर आपल्याला 'दीन' मिळतं. संगणकाला सुरुवातीलाच एक वेलांटी मिळते, जिला टेकायला अक्षरच नाही. मी नव्या मुलांच्या मुलाखतीत कधीकधी हे विचारते.

शब्दकोडं हा प्रकार तसा जुना नाही. १९१३ साली २१ डिसेंबरला न्यूयॉर्क वर्ल्ड या वर्तमानपत्रात आर्थर विन यांनी पहिलं छापलं, तेही चौकोनी नव्हे, शंकरपाळ्याच्या आकाराचं. पुढच्या दशकात इंग्लंडमध्ये त्याला हे गूढ वळण लागलं. ऑब्झर्व्हर या पत्रात कोडी रचणाऱ्या पोविस मॅथर्सनी टोपणनाव घेतलं टॉर्केमाडा. स्पेनमध्ये धर्माच्या नावाखाली लोकांचा छळ करणाऱ्या अधिकाऱ्याचं ते नाव, म्हणजे वाचकाला आधीच इशारा.

आपल्याकडे कोड्यांचा वेगळाच धंदा झाला होता. प्रवेश फी भरायची, चौकोन भरून पाठवायचा, आयोजकाच्या सीलबंद उत्तराशी जुळलं तर बक्षीस. क्लू असा की दोन शब्द सारखेच बसावेत, आणि त्यातला बरोबर कोणता हे त्या लखोट्यालाच माहीत. बंगळूरहून चालणारी अशी एक स्पर्धा मुंबई राज्याच्या कायद्यात अडकली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९५७ साली न्यायालयाने ठरवलं की हा जुगाराचाच प्रकार आहे. त्याआधी १९५५ च्या केंद्रीय कायद्याने अशा स्पर्धांच्या बक्षिसांवर महिन्याला १००० रुपयांची मर्यादा घातली होती. मला तो निकाल अगदी पटतो. ज्या उत्तराला 'काहून' विचारता येत नाही, ते कोडं कसलं?

आता कबुली. कोडं सोडवताना माझं पुष्कळदा उलटं होतं. आधी उत्तर सुचतं, चौकोनात बसतं, आणि ते का बरोबर हे नंतर कळतं, कधी कळतही नाही. कामातही तसंच. प्रोग्रॅम चालत नाही, एक ओळ बदलली, चालला. का चालला? माहीत नाही, हात लावू नको. आमच्या धंद्यातले निम्मे रात्रीचे फोन अशा ओळींमुळे येतात.

आणि दुसरी कबुली, जी सांगायला मी खरं तर उभी आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या टीममध्ये आपल्याच बाजूचा एक मुलगा आला. मराठी शाळेतला, हुशार, बुजरा. अडला की विचारायचा, "मॅम, हे कसं करायचं?" मला घाई असायची. मी रात्री बसून त्याचं काम दुरुस्त करून टाकायची आणि सकाळी कळवायची, "झालंय, बघून घे." मला वाटायचं, मी त्याला सांभाळून घेते आहे. आठ महिन्यांनी त्याने राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी सगळ्यांना गोड पत्र, मला दोन ओळी वेगळ्या : तुमच्याकडून उत्तरं सगळी मिळाली, पण ती कशी आली ते मला कधी कळलं नाही. मला वाटतं हे काम माझं नाही.

'हे आपलं काम नाही.' मेसमधल्या टेबलावर मी हेच म्हणाले होते. ती सीनियर मुलगी वाईट नव्हती, तिला घाई होती.

मी त्याला फोन केला. तो सभ्यपणे बोलला, परत आला नाही. तेव्हापासून दर शुक्रवारी तासभर आमच्याकडे कोणीतरी उभं राहून आठवड्यातली एक दुरुस्ती समजावून सांगतं. ओळ कोणती बदलली हे नाही, काहून बदलली हे. काम त्यामुळे हळू होतं, वरिष्ठ कुरकुरतात. त्या मुलाला त्याचा काही उपयोग झाला नाही.

जाता जाता आपल्या गावाबद्दल. विदर्भात सावंग्या किती आहेत मोजू नका. म्हणून आपल्या नावापुढे कंस आहे, सावंगी (मेघे). सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), उमरी (मेघे) हे शेजारीही तसेच. शेजारच्या सेगावची पत्रं गजानन महाराजांच्या शेगावला जायची, म्हणून १९४० साली गांधीजींनी त्याचं सेवाग्राम केलं. आपण नाव ठेवलं आणि कंस जोडला. म्हणजे पत्ता लिहितानाच आपण अर्धा क्लू लिहितो.

सर पहिल्या रांगेत आहेत. सर, उशीर झाला. 'देव' हा सरळ अर्थ. 'उलटा फिरला' ही कृती. 'मरा' हे कच्चं सामान : म, रा, उलटून रा, म. शिवाय वाल्या कोळ्याची गोष्ट तशीच असल्यामुळे अख्खं वाक्य दुसऱ्यांदा खरं ठरतं, ही तुमची करामत. राहिलेला अर्धा गुण द्यावा ही विनंती.

बाकीच्यांसाठी जेवणाच्या पंगतीत एक : "अर्ध्याचा आरंभ गेला, तिथे वडाचा आरंभ आला, आपला जिल्हा झाला (२)". उत्तर सगळ्यांना येईल. वाढणाऱ्यांना मी सांगून ठेवलंय, 'काहून' सांगितल्याशिवाय जिलेबी वाढायची नाही.