सोडतीविषयीं दोन शब्द

(ज्युबिली समितीच्या वतीनें स्वयंसेवकांपुढें केलेलें भाषण)



देवळाच्या छपरासाठीं द्रव्य जमवावयाचें असून सणाच्या दिवशीं सोडत काढण्याचें ठरलें आहे. थोड्याच दिवसांत तिकिटांचीं बुकें आपल्या हातीं येतील. तत्पूर्वीं आमच्या मनांतील कांहीं गोष्टी आपणांपुढें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

सोडत हें मुळांतच पाप नव्हे काय, असें कांहीं वडीलधारी मंडळी विचारतात. यहूदाच्या रिकाम्या जागीं मत्थियाची निवड प्रार्थनेनंतर चिठ्ठ्या टाकूनच झाली; आणि क्रूसाच्या पायथ्याशीं शिपायांनीं प्रभूच्या अंगरख्यासाठीं चिठ्ठ्याच टाकल्या. चिठ्ठी तीच, भेद टाकणाऱ्यांच्या अंतःकरणाचा. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २४१३ व्या परिच्छेदांतही हाच निर्णय आहे. नशिबाचे खेळ स्वतः न्यायाविरुद्ध नाहींत. परंतु मनुष्याच्या व इतरांच्या गरजेचें द्रव्य ज्यानें हिरावलें जातें, तो खेळ त्याज्य होय.

दुसरी गोष्ट कायद्याची. शासनाच्या अनुज्ञेवांचून सोडतीसाठीं जागा चालविणें हा भारतीय न्याय संहितेच्या २९७ व्या कलमान्वयें अपराध आहे. म्हणून अनुज्ञापत्र हातीं आल्यावरच बुकें बाहेर पडतील.

आतां एक कबुली. मागें एका सणाला आमच्याच हातून चूक घडली. न विकलेल्या तिकिटांच्या स्थळप्रती वेगळ्या न काढतां आम्हीं सर्वच डब्यांत टाकल्या. पहिलें बक्षीस शिवणयंत्राचें; तें न विकलेल्या क्रमांकाला लागलें. आम्हीं पुन्हां चिठ्ठी काढली, तरी यंत्र समितीलाच ठेवून घ्यावयाचें होतें, अशी कुजबुज मांडवांत सुरू झाली. आम्हीं एक पैही घेतली नव्हती. पण तें कोणास पटणार? पुढल्या वर्षीं घरोघर गेलों, तेव्हां पुष्कळांनीं हात जोडले. एका आजीबाईंनीं मात्र आमच्या हातावर पैसे ठेवून म्हटलें, "बाबांनो, तिकीट नको. हे देवळाला घ्या." कोणत्याही आरोपाहून त्या शब्दांची आम्हांस अधिक लाज वाटली.

म्हणून यंदाचे नियम असे. बुक देतांना पहिला व शेवटचा क्रमांक वहींत लिहून सही घ्यावी. सणाच्या आदल्या रात्रीं सर्व बुकें परत यावींत. १०० तिकिटांच्या बुकांतून ६३ विकलीं गेलीं, तर डब्यांत ६३ च स्थळप्रती जातील. उरलेलीं ३७ तिकिटें सर्वांसमक्ष रद्द होतील. डबा आधीं रिकामा करून लोकांस दाखवावा. चिठ्ठी लहान मुलानें डोळे बांधून काढावी. समितीच्या सभासदानें काढूं नये. बक्षिसांचे क्रमांक आणि जमाखर्च पुढल्या रविवारीं देवळाच्या फळ्यावर लागतील.

शेवटीं एक विनंति. ज्या घरीं आजार आहे, रोजगार सुटला आहे, कर्ज आहे, तेथें बुक उघडूं नका. शेजाऱ्यानें घेतलें म्हणून भिडेस्तव घेणारे पुष्कळ असतात. प्रभूनें विधवेच्या दोन दमड्यांची थोरवी सांगितली. पण त्या तिनें आपण होऊन टाकल्या होत्या, तिच्या दाराशीं जाऊन कोणीं मागितल्या नव्हत्या.

छप्पर एका वर्षांत होईल, कदाचित् दोन वर्षें लागतील. परंतु त्या आजीबाई यंदा आपण होऊन एक तिकीट मागतील, तर आमचें काम साधलें असें आम्ही समजूं. देव आपणां सर्वांच्या श्रमांस यश देवो.