आपल्या वाडवडिलांचीं नांवें
(सायखेडें येथें महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



महोत्सव म्हटला म्हणजे मागें वळून पाहणें आलेंच. परंतु तीन पिढ्यांपलीकडचे आपले पूर्वज कोण, हें आपल्यांपैकीं किती घरांस सांगतां येईल? आम्हीं आमच्याच घरीं विचारून पाहिलें, आणि पणजोबांच्या नांवापाशींच अडलों.

ज्या घरांचीं मुळें नगर जिल्ह्यांत आहेत, त्यांची पहिली नोंद बहुधा जर्मन हातची असते. 1886 सालीं पुण्याचा धर्मप्रांत स्थापन झाला. त्याचे पहिले महागुरुस्वामी बायडरलिंडन हे जर्मन येशूसंघीय होते, आणि खेड्यापाड्यांतून फिरणारे फादरही बहुतेक त्याच देशाचे. आपला नाशिकचा धर्मप्रांत तर 1987 चा. त्या परदेशी मंडळींचींही नांवें बदललींच. पुढचे महागुरुस्वामी डोरिंग हे घरचे हाइनरिख, परंतु इंग्रजी कागदांत हेन्री. 1914 च्या महायुद्धांत जर्मन फादरांस स्थानबद्ध होऊन पुढें देश सोडावा लागला. त्यांनीं लिहिलेल्या वह्या मात्र मागें राहिल्या.

या वह्यांची भाषा लॅटिन, आणि येथेंच पुष्कळ जण फसतात. आपला याकोब तेथें 'याकोबुस' असतो. इंग्रजी शाळेंत गेला कीं तोच जेकब किंवा जेम्स होतो. एका माणसाचे तीन पुरुष! शिवाय बापाचें नांव षष्ठींत लिहितात. 'फिलियुस याकोबी' म्हणजे याकोबाचा मुलगा. आम्ही मात्र कित्येक दिवस 'याकोबी' हें आडनांव शोधीत बसलों होतों. जर्मन मनुष्य इंग्रजी 'जे' हें अक्षर 'य' असें वाचतो. तेव्हां जाधव व यादव निराळे मानण्यापूर्वीं मूळ वही पाहावी. वसईकडे पोर्तुगीज आडनांवें रूढ झालीं, आपल्याकडे गायकवाड गायकवाडच राहिला. हें भूषण म्हणून नव्हे, शोधणाऱ्याची सोय म्हणून सांगतों.

एक गोष्ट नाजूक आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांस नाकारल्या गेल्या. त्यापायीं कांहीं घरांत चर्चच्या वहींत एक नांव व सरकारी दाखल्यावर दुसरेंच आहे. आम्ही कोणास दोष देत नाहीं; मुलांच्या शिक्षणासाठीं आईबापांनीं तें केलें. परंतु हीं दोन्ही नांवें एकाच माणसाचीं, असें सांगणारी आजी घरांत आहे तोंवरच तिला विचारून घ्यावें. स्नानसंस्काराचें साल व गांव लिहावें, धर्मपित्याचें नांव तर अवश्य लिहावें. तो पुष्कळदां नातलगच निघतो. आणि गोदामाईचे 2016 व 2019 चे पूर आपण पाहिलेच आहेत. तो कागद पेटीच्या तळाशीं ठेवूं नये, माळ्यावर ठेवावा.