चौथं मॅडिसन स्क्वेअर गार्डन

न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे क्रीडागृह ना बाग आहे, ना आज मॅडिसन चौकात आहे. चौकाजवळ रेल्वेच्या जुन्या आवारात १८७९ मध्ये या नावाची पहिली इमारत सुरू झाली. १८९० मध्ये त्याच जागी दुसरी आली. तिचे वास्तुविशारद स्टॅनफर्ड व्हाइट यांचा १९०६ मध्ये तिच्याच गच्चीवरच्या नाट्यगृहात गोळ्या घालून खून झाला! तिसरी इमारत १९२५ मध्ये दूर आठव्या अव्हेन्यूवर गेली, तरी नाव तेच राहिलं.

सध्याची चौथी इमारत १९६८ ची. तिच्यासाठी पेन स्टेशन या रेल्वे स्थानकाची देखणी वास्तू पाडली गेली. लोक इतके हळहळले, की १९६५ मध्ये शहराने वारसा वास्तूंसाठी कायदाच केला. रेल्वेगाड्या मात्र आजही या क्रीडागृहाच्या खालूनच धावतात. गोल छत पोलादी तारांवर पेललेलं आहे, त्यामुळे आतमध्ये एकही खांब नाही.

मार्च १९७१ मध्ये इथे मुष्टियोद्धा जो फ्रेझियरने मुहम्मद अलीला हरवलं. ऑगस्टमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल केली. वाद्यं नुसती जुळवली जात होती, तेवढ्यावरच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणी एवढी आवडली, तर वादन आणखी आवडेल, असं पंडितजी मिस्कीलपणे म्हणाले.