पिशवीत मोजलेले रक्त आणि घरी गेलेला ताप



बेळगाव जिल्ह्यातल्या गावोगावी २००२ साली बाळंतिणीखाली प्लास्टिकची एक नरसाळ्यासारखी पिशवी अंथरली जाऊ लागली. पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा होत्या. त्या वेळी तिथे मिसोप्रोस्टॉलच्या गोळीची चाचणी चालू होती. १,६२० बायकांपैकी निम्म्यांना बाळंतपणानंतर ६०० मायक्रोग्रॅमची गोळी दिली गेली आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी. २००६ साली निकाल छापून आला. प्रसूतिपश्चात रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले होते. गोळीला फ्रिज लागत नाही, ती देणारी एएनएम असली तरी चालते, म्हणून तिचे नाव झाले आणि २०११ मध्ये प्रसूतिपश्चात रक्तस्राव टाळण्यासाठी ती जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेली. पिशवीची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही. आज मी तिच्यापासूनच सुरुवात करतो, कारण माझ्या मते त्या कामाचा खरा शोध ती पिशवी होती. बेळगावातच केलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसले, की डोळ्यांनी केलेला रक्ताचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा एकतृतीयांशाने कमी भरतो. अनुभवी डोळाही चुकतो आणि बहुतेकदा एकाच बाजूला चुकतो. धोका आहे त्यापेक्षा त्याला कमीच दिसतो.

याच जातीची पिशवी पुढे आफ्रिकेत गेली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतली ८० रुग्णालये आणि २,१०,१३२ बाळंतिणी एवढ्या मोठ्या चाचणीचा निकाल २०२३ मध्ये आला. पिशवीत ठरावीक खुणेपर्यंत रक्त आले की पाच गोष्टी एकामागोमाग एक न करता एकदम करायच्या होत्या: गर्भाशय चोळणे, ते आकुंचन पावेल असे औषध, ट्रॅनेक्सामिक ॲसिड, सलाइन आणि आतून तपासणी. यातली एकही गोष्ट नवी नव्हती, प्रत्येक पाठ्यपुस्तकात ती आहे. तरी जीवघेणा रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. नेहमीच्या पद्धतीत रक्तस्राव झालेल्या बायकांपैकी ५१ टक्क्यांचाच वेळीच ओळखू येत होता, पिशवीमुळे ९३ टक्क्यांचा आला. या चाचणीचे संयोजन आणि पैसा आफ्रिकेबाहेरचा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण प्रश्न गरीब रुग्णालयाचा होता आणि त्याचे उत्तरही गरीब रुग्णालयांतच घडले. ज्या प्रसूतिकक्षात एका सिस्टरकडे चार खाटा असतात, तिथेच कळते की अडते ते औषधापाशी नव्हे, दिसण्यापाशी.

आता जंतुसंसर्गाकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार मातामृत्यूंपैकी सुमारे २७ टक्के रक्तस्रावाने होतात आणि सुमारे ११ टक्के जंतुसंसर्गाने. रक्तस्राव आपल्या डोळ्यांदेखत, पहिल्या काही तासांत होतो. बाळंतज्वराची तऱ्हा वेगळी. तो तिसऱ्या, पाचव्या, कधी दहाव्या दिवशी येतो आणि तोवर बाई घरी पोचलेली असते. घरी तापाला दूध भरल्याचा ताप म्हणतात, अंगावरून वास येणारे जाऊ लागले तर ते सांगायची लाज असते, आणि टाके पिकले तर गावातला डॉक्टर एक इंजेक्शन देतो. रुग्णालयाच्या केसपेपरवर शेवटची ओळ असते: प्रकृती ठीक, डिस्चार्ज. म्हणून रुग्णालयाच्या नोंदींवरून जंतुसंसर्गाचे प्रमाण काढणे म्हणजे स्टेशनवर उभे राहून गाडीतल्या प्रवाशांच्या प्रकृतीचा अंदाज बांधण्यासारखे आहे. घरी जाऊन पाहिले तर काय दिसते, हे गडचिरोलीने दाखवले आहे. तिथल्या 'सर्च' या संस्थेच्या गावातल्या आरोग्यसेविकांनी ७७२ बाळंतिणींच्या घरी जाऊन नोंदी केल्या. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचे प्रमाण १०.२ टक्के निघाले, म्हणजे दहांत एक. ती बाळंतपणे बहुतांशी घरची होती आणि काळही जुना होता, हे मान्य. पण रुग्णालयातून घरी गेलेल्या बायकांची अशी मोजणी आपल्या भागात नेमाने होत नाही, आणि माझा मुद्दा तोच आहे.

दिसत नसेल तर सर्वांनाच औषध देऊन टाकावे, हा दुसरा मार्ग. तोही गांभीर्याने तपासला गेला आहे. नैसर्गिक प्रसूतीची अपेक्षा असलेल्या बायकांना कळा चालू असताना ॲझिथ्रोमायसिनची दोन ग्रॅमची एकच मात्रा द्यायची. कांगो, केनिया, झांबिया, पाकिस्तान, बांगलादेश, ग्वाटेमाला आणि भारत या सात देशांत २९,२७८ बायकांवर ही चाचणी झाली. भारतातली तिची केंद्रे नागपूर आणि बेळगाव होती, म्हणजे मराठी बोलणाऱ्या बाळंतिणींचाही या उत्तरात वाटा आहे. माता आणि बाळे यांच्यावर बेचाळीस दिवस लक्ष ठेवले गेले, साधारण आपला सव्वा महिना. मातेचा सेप्सिस किंवा मृत्यू यांचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ वर आले. हा लाभ खरा आहे, आणि तो इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवली गेली. पण आकडे नीट वाचायला हवेत. एका बाईचा सेप्सिस टाळण्यासाठी सुमारे १२५ जणींना गोळी द्यावी लागते. मृत्यूंचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ०.१ टक्का होते, आणि बाळांना काहीच फायदा दिसला नाही. घट झाली ती सेप्सिसमध्ये.

इथे आपल्या इंदूरच्या शेजारच्या गावाकडे बघा. उज्जैनच्या एका रुग्णालयातला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नैसर्गिक प्रसूती झालेल्या ८७ टक्के बायकांना प्रतिजैविके लिहून दिलेली आढळली, सिझेरियन झालेल्या ९८ टक्क्यांना. म्हणजे सर्वांना औषध देण्याचे धोरण माळव्यात कुणी जाहीर न करताच चालू होते. फक्त ते औषध कोणते, किती दिवस आणि कशासाठी, याला शिस्त नव्हती. कांगोच्या ज्या खेड्यात बाळंतिणीला औषधच मिळत नाही तिथे ही गोळी वरदान ठरू शकते. इथे ती आधीच्या ढिगावर आणखी एक भर होईल. दिली तर जुन्या अनावश्यक औषधांच्या बदल्यात द्यावी, त्यांच्या जोडीला नव्हे. गांबियात अशाच मात्रेनंतर आईच्या दुधात आणि बाळाच्या नाकात ॲझिथ्रोमायसिनला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस काही काळ वाढलेले आढळले होते. पुढे ते ओसरले. पण एका चाचणीतली एक मात्रा आणि पूर्ण राज्यात वर्षानुवर्षे दिलेली मात्रा यांत अंतर आहे.

यावर कुणी म्हणेल, औषध हाताशी असताना मोजत बसण्यात जीव जातील. आक्षेप रास्त आहे, पण मोजणी आणि उपचार यांत निवड करावी लागते हे त्यातले गृहीतक चुकीचे आहे. मलावी आणि युगांडा यांच्या ५९ रुग्णालयांत नुकत्याच झालेल्या चाचणीचा निकाल २०२५ मध्ये आला. तिथे हात धुण्याची शिस्त, प्रतिबंधक औषध योग्य वेळी देणे आणि बाळंतिणीचा ताप, नाडी, श्वास यांची नोंद ठेवून धोका दिसताच ठरलेला उपचार, हे तिन्ही एकत्र बांधले होते. जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू आणि गंभीर आजार यांत ३२ टक्के घट झाली. सिस्टरला वेळ नाही, हे कारण मलावीच्या सिस्टरनेही दिले असते, आणि आपल्यापेक्षा जास्त हक्काने. घरी कोण पाहणार, याचेही उत्तर जुने आहे. गडचिरोलीच्या ३९ गावांत थोड्या शिकलेल्या बायकांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांचा जंतुदोष ओळखला, प्रतिजैविक दिले, आणि तीन वर्षांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आणला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचा तो निबंध १९९९ चा आहे. त्यावरूनच देशभर आशा कार्यकर्तीच्या घरभेटी सुरू झाल्या. आज रुग्णालयात बाळंत झालेल्या बाईकडे आशा बेचाळीस दिवसांत सहा वेळा जाते. तिच्या नमुन्यात आईच्या तापाचा रकानाही आहे. पण कार्यक्रमाचे नाव बाळाचे, लक्ष बाळावर, आणि तो रकाना भरला तरी ज्या लेबर रूममधून ती बाई निघाली तिथे ती बातमी परत येत नाही.

आफ्रिकेची तुलना आपल्याला लावू नका, असेही ऐकू येते. २०१८ ते २०२० या काळात मध्य प्रदेशात लाख जिवंत जन्मांमागे १७३ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. आपल्या राज्यापासून केनिया जितका दूर वाटतो तितकाच महाराष्ट्रही दूर आहे, आणि तो तर बुऱ्हाणपूरच्या पलीकडे सुरू होतो.

राहिला भीतीचा आक्षेप, जो कुणी उघड बोलत नाही. मोजले तर आपल्याच रुग्णालयाचे नाव खराब होईल. या शहराला तरी ही भीती शोभत नाही. इंदूरने २०१७ पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षे पहिला क्रमांक राखला, तो घरोघरचा कचरा वेगळा करून आणि कुठून काय आले हे पाहून. रस्त्यांच्या बाबतीत जे जमले ते टाक्यांच्या बाबतीत जमू नये, असे काही नाही.

म्हणून अन्नपूर्णा परिसरातल्या नर्सिंग होम्सपुढे एक लहान प्रस्ताव ठेवतो. डिस्चार्ज घेतलेल्या प्रत्येक बाईला तिसऱ्या, सातव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी फोन करायचा. ताप, टाके, वास येणारा स्राव आणि कोणते औषध घेतले, हे चारच प्रश्न. तिने होय म्हटले तर त्याच दिवशी तपासणी. महिन्याच्या शेवटी सगळ्यांचे आकडे एकत्र करायचे, रुग्णालयाचे नाव न घालता. पहिल्या वर्षी आकडे वाढतील, ५१ टक्क्यांचे ९३ टक्के होताना वाढले तसेच. त्या वर्षी वर्तमानपत्रांना काय सांगायचे ते आधीच ठरवून ठेवू. प्रश्नांचा कागद मराठीत आणि हिंदीत छापून चहाच्या टेबलावर ठेवला आहे. दुपारच्या सत्राआधी त्यावर आपापल्या दुरुस्त्या लिहून द्याव्यात, विशेषतः सिस्टरांनी, कारण फोन त्याच करणार आहेत.